दुसऱ्याच्या वाट्याचे अर्पण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, शिष्यत्वाच्या किमतीवर प्रवचने होतात, आणि बायबलच्या नव्या करारातील मत्तयाच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायाचे कठोर वचन त्या वेळी हमखास वाचले जाते. आपल्यापेक्षा आईबापावर किंवा मुलामुलीवर जो अधिक प्रीती करतो तो आपल्याला योग्य नाही, असे येशू ख्रिस्ताने त्यात सांगितले आहे. हे वचन मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि पुढे काही वर्षे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर काम करताना त्याचा उपयोग कसा होतो हेही जवळून पाहिले आहे. ‘देवाने बोलावले’ म्हणून नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरलेला नवरा, रोजच्या प्रार्थनासभांमुळे मुलांच्या वाट्याला न येणारा बाप, म्हाताऱ्या आईच्या औषधपाण्याची जबाबदारी बहिणीवर टाकून दूरच्या प्रांतात सुवार्ता सांगायला गेलेला भाऊ, यांच्या घरचे कुणी काही बोलले की हेच वचन पुढे केले जाते, आणि मग बोलणाऱ्याचे तोंड बंद होते. आपल्या वृत्तपत्राचे बहुसंख्य वाचक ख्रिस्ती नाहीत. तरी प्रपंच आणि परमार्थ यांची ओढाताण मराठी माणसाला नवी नाही, म्हणून हा विषय आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात मांडण्याचे धाडस करीत आहे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की ते वचन सौम्य करून सांगण्याची धडपड मला पटत नाही. काही प्रवचनकार त्याचा अर्थ इतका मऊ करतात की शेवटी ‘देवावरही प्रेम करा आणि घरच्यांवरही करा’ एवढेच हाती उरते. त्यासाठी कुणी क्रुसावर गेले नसते. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात येशूला वेड लागले आहे असे समजून त्याचे घरचे लोक त्याला धरून न्यायला येतात. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत असा निरोप आल्यावर तो उठून जात नाही; भोवती बसलेल्यांकडे पाहून, देवाची इच्छा पाळणारे तेच माझी आई आणि माझे भाऊ, असे म्हणतो. लूकच्या नवव्या अध्यायात एकाला बापाला पुरून येण्याची सवलत मिळत नाही आणि दुसऱ्याला घरच्यांचा निरोप घेऊन येण्याचीही मिळत नाही. जुन्या करारात एलीयाच्या मागे निघालेल्या अलीशाला आईबापाचे चुंबन घेऊन येण्याची मुभा होती; इथे तीही दिसत नाही. कितीही टीकाग्रंथ उघडले तरी या वचनांची धार पुरती जात नाही, आणि ती जाऊही नये.

प्रश्न इतकाच आहे की ही वचने कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत सांगितली गेली. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू बारा शिष्यांना पाठवीत आहे आणि त्यांना आधीच सावध करीत आहे की भाऊ भावाला मरणाच्या हवाली करील आणि माणसाचे वैरी त्याच्या घरचेच होतील. मीखा संदेष्ट्याचे मुलगा-बाप, मुलगी-आई, सून-सासू यांच्यातील फुटीचे शब्द तो तिथे पुन्हा उच्चारतो. म्हणजे ज्यांना घरच्यांनीच उंबऱ्याबाहेर काढले, किंवा काढले जाण्याची भीती होती, त्यांच्यासाठी हे शब्द होते. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे पर्पेतुआ नावाची बावीस वर्षांची स्त्री तुरुंगात होती. तिच्या अंगावर पिते मूल होते. तिचा वृद्ध पिता पुन्हा पुन्हा येऊन, माझ्या पिकल्या केसांची आणि तुझ्या लेकराची दया कर, बादशहासाठी यज्ञ कर आणि सुटून ये, म्हणून विनवीत होता. तुरुंगातील तिची स्वतःची हकीकत टिकून राहिली आहे आणि ती वाचताना बापाविषयीचा तिचा कळवळा जागोजागी दिसतो. तिने नकार दिला आणि ती मारली गेली. देव की घर, ही निवड तिने उभी केलेली नव्हती, रोमन सत्तेने तिच्यावर लादली होती. अशा माणसाला मत्तयाचे ते वचन आधार देते. ज्याच्यावर कुणीही काही लादलेले नाही, जो स्वतःच्या उत्साहाने अशी निवड घरात निर्माण करतो आणि मग तिला ‘क्रूस’ म्हणतो, त्याला या वचनाचा आसरा घेण्याचा कितपत अधिकार आहे?

त्याच्यासाठी दुसरा उतारा आहे, आणि तो प्रवचनांतून फारच क्वचित ऐकू येतो. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूशी आणि शास्त्री या यहुदी धर्मपुढाऱ्यांवर संतापलेला आहे. त्या काळी एखादी वस्तू किंवा रक्कम ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करता येत असे. एखाद्या मुलाने आईबापांना सांगितले की माझ्याकडून तुम्हांला जे मिळायचे होते ते मी देवाला वाहून टाकले आहे, तर त्यानंतर त्याने त्यांच्यासाठी काही करायचे नाही, असा शास्त्र्यांचा निवाडा होता. ‘आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख’ ही देवाचीच आज्ञा तुम्ही या परंपरेने रद्द करता, असे येशूने त्यांना सुनावले. या प्रसंगात त्या मुलाला ढोंगी म्हटलेले नाही. त्याचा नवस खरा असेल, मनही शुद्ध असेल. त्याची चौकशीच होत नाही. दोष एवढाच की त्याने देवाला जे दिले ते त्याचे नव्हतेच, आईबापांच्या वाट्याचे होते. देवाला पहिला मान आहे हे निःसंशय, पण देवाच्या नावावर दुसऱ्याचा वाटा अर्पण करण्याचा हक्क त्यातून कोणालाही मिळत नाही. जो येशू स्वतःसाठी आईबापांपेक्षा अधिक प्रीती मागतो, तोच येशू देवाचे नाव पुढे करून आईबापांना उपाशी ठेवणाऱ्याच्या पाठीशी उभा राहत नाही. मला वाटते, या दोन उताऱ्यांपैकी एकच वाचणारी मंडळी अर्धेच शुभवर्तमान वाचते.

जुन्या करारातील शास्ते या पुस्तकातील इफ्ताहाची गोष्ट या बाबतीत अंगावर काटा आणणारी आहे. लढाईत जय मिळाला तर घरातून जे प्रथम भेटायला येईल ते परमेश्वराला अर्पीन, असा नवस त्याने केला, आणि डफ वाजवीत, नाचत त्याची एकुलती एक मुलगी बाहेर आली. नवस बापाचा होता, जय बापाला मिळाला आणि किंमत मुलीने भरली. मुलाचा बळी द्यायला उचललेला अब्राहामाचा हात देवाने थांबवला होता. इफ्ताहाचा कुणी थांबवला नाही, आणि देवाने असे काही मागितले होते असेही त्या अध्यायात कुठे म्हटलेले नाही. याउलट हन्ना. मूल झाले तर ते परमेश्वराला देईन असा नवस तिनेही केला, पण नवऱ्याला सांगून, त्याच्या संमतीने, दूध तुटल्यावर तिने शमुवेलाला शिलोच्या मंदिरात ठेवले, आणि पुढे दरवर्षी ती त्याच्या मापाचा लहानसा झगा शिवून घेऊन जात राहिली. देवाला दिलेला मुलगा म्हणजे मनातून काढून टाकलेला मुलगा, असे तिला वाटले नाही.

नव्या करारात पुढे जे आहे ते थोडक्यात सांगते, कारण ते बहुतेकांना पाठ असते. क्रुसावर प्राण जात असताना येशूने आपल्या आईला प्रिय शिष्याच्या स्वाधीन केले, आणि त्या घटकेपासून त्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतले असे योहान लिहितो. येशूचा शिष्य पेत्र याच्या सासूला ताप आला तेव्हा तिला बरे केले गेले, आणि पेत्र पुढे प्रवासात पत्नीला बरोबर घेऊन फिरत असे, हे प्रेषित पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून कळते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील वाक्य तर ज्याने मंडळीत उभे राहून कुटुंबाविषयी बोलायचे त्याने प्रथम आरशासमोर म्हणावे असे आहे : जो स्वकीयांची, विशेषतः आपल्या घरच्यांची तरतूद करीत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे आणि तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट आहे. त्याच पत्रात, ज्याला आपले घर चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार, असा प्रश्न आहे. पाळक निवडताना आम्ही पदव्या पाहतो, आवाज पाहतो, गाणे येते का तेही पाहतो. हा प्रश्न मात्र विचारत नाही.

मराठी ख्रिस्ती समाजाला हे सारे समजून घ्यायला परदेशी उदाहरणांची गरज नाही, इतका मोठा दस्तऐवज आपल्याच भाषेत आहे. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरी ती वार्ता पोहोचली तेव्हा सगळे होऊन गेले होते. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत, पण जातीबाहेर गेलेला. म्हणजे सवाष्णपण असून नसल्यासारखे. पंढरपुरात आणि माहेरी नातलगांच्या आधाराने त्यांनी काढलेली ती वर्षे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणत्याही मराठी वाचकाला सांगायला नकोत. टिळकांची ख्रिस्तावरील प्रीती किती खरी होती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. त्यांच्या भजनांवर आमच्या मंडळ्या आजही जगतात. पण त्या प्रीतीचा पहिला हप्ता त्यांनी भरला नाही. तो लक्ष्मीबाईंनी भरला, त्याही ख्रिस्ताला ओळखत नसताना आणि त्यांना कुणी विचारलेले नसताना. टिळकांचा स्वभाव आधीपासूनच घर सोडून एकाएकी निघून जाण्याचा होता हे लक्ष्मीबाईंनी हसतखेळत सांगितले आहे, आणि त्यामुळे वाचकही हसतो. परंतु ज्या बाईला रात्री नवरा कुठे आहे हे ठाऊक नसे तिच्या जागी स्वतःला ठेवून ते पुस्तक पुन्हा वाचावे.

तरीही टिळकांच्या बाजूचे एक मोठे सत्य सांगितलेच पाहिजे. १८६६ साली केलेल्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या हिंदू जोडीदाराने सोडले तर विवाह रद्द करून घेण्याची सोय ठेवली होती, आणि पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तिला आधारही सापडत होता, कारण अविश्वासी जोडीदार निघून जात असेल तर जाऊ द्यावे असे त्याने म्हटले आहे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या तेव्हा सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, आणि टिळकांनी धर्माच्या बाबतीत त्यांच्यावर सक्ती केली नाही. राहुरीत लक्ष्मीबाई आपल्याच विचाराने, जातिभेद माणसाने केलेला आहे या निष्कर्षाला आल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पौलाने त्याच सातव्या अध्यायात, जोडीदार राहायला राजी असेल तर त्याला सोडू नये, असेही लिहिले आहे. टिळक त्या अर्ध्या भागाप्रमाणे वागले. मला त्यांचे मोठेपण बाप्तिस्म्यापेक्षा या वाट पाहण्यात अधिक दिसते. मंडळीतील काहींना हे विधान आवडणार नाही याची कल्पना आहे.

या कथेचा शेवट गोड झाला म्हणून आपण ती सांगतो. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, हेही अभिमानाने सांगतो. पण त्या पिढीत अशा किती तरी बायका असतील की ज्यांना लिहिता येत नव्हते, ज्यांच्याकडे पुन्हा कुणी आले नाही, आणि ज्यांचा उल्लेख मिशनच्या अहवालात फार तर ‘पत्नीने येण्यास नकार दिला’ एवढाच असेल. त्यांची बाजू आपल्यापर्यंत पोहोचलेली नाही.

फूट नेहमी धर्मांतर करणाऱ्यानेच पाडली असेही नाही, हेही न्यायाने म्हटले पाहिजे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. पुढे जालन्याजवळ बेथेल वसवणारे ते हेच. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. तो अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला बापाच्या ताब्यात दिले. बापाला मुलगा हवा होता, मुलगा घरी आला होता, आणि तरीही ब्रह्मवृंद त्याला जातीत घ्यायला तयार नव्हता. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या प्रायश्चित्ताची बाजू घेतली तेव्हा त्यांनाच केवढा विरोध सहन करावा लागला. मिशनऱ्यांना मुलाचा आत्मा हवा होता आणि धर्ममार्तंडांना जातीचे पावित्र्य हवे होते. त्या मुलाला आपल्या आईच्या हातचे जेवायचे असेल, हा विचार दोन्हीकडच्या वादात कुठे बसतच नव्हता.

इंग्रज मिशनरी विल्यम केरीचे नाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या, १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी कोश छापणाऱ्या या माणसाचे आपल्या भाषेवर ऋण आहे. १७९३ साली तो हिंदुस्थानात यायला निघाला तेव्हा त्याची पत्नी डोरोथी गरोदर होती आणि तिने यायला स्पष्ट नकार दिला होता. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघालाही. जहाजाची अडचण येऊन प्रवास लांबला, तेवढ्यात ती बाळंत झाली, आणि मग पुष्कळ मनधरणी झाल्यावर, बहीण बरोबर येणार असेल तर येते, असे म्हणून काही आठवड्यांच्या बाळासह ती निघाली. लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी खूण करणारी ही खेड्यातली बाई बंगालच्या दमट हवेत येऊन पडली. १७९४ मध्ये तिचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर तिचे मन कायमचे बिघडले. नवऱ्यावर संशय, आरडाओरड, कोंडून ठेवावे लागणे, असे करीत १८०७ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे ती वारली. केरीने तिला शेवटपर्यंत घरातच ठेवले, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण शेजारच्या खोलीतून तिचा आक्रोश ऐकू येत असताना तो बायबलच्या भाषांतराला बसत असे, ही गोष्ट आमच्या प्रवचनांत त्याच्या निष्ठेचा नमुना म्हणून सांगितली जाते, तेव्हा मला बसल्या जागी अस्वस्थ व्हायला होते. देवाने केरीला बोलावले असेल. डोरोथीला तेव्हा काय सांगितले होते, हे कुणी विचारले होते का? आपण मराठीवरचे केरीचे ऋण मानतो, तर त्यात डोरोथीचाही वाटा मानला पाहिजे, आणि तो तिने स्वखुशीने दिलेला नव्हता हेही.

वसईच्या कॅथलिक बांधवांचा प्रश्न काहीसा निराळा आहे आणि त्यावर मी अधिकाराने बोलू शकत नाही. फादर आणि सिस्टर आपले स्वतःचे आयुष्य वाहतात; त्यांना पत्नी किंवा मुले नसल्याने त्या त्यागाचा भार तशा अर्थाने दुसऱ्यावर पडत नाही. पौलानेही अविवाहित राहण्याचे कारण हेच दिले आहे की विवाहिताचे मन दोन्हीकडे वाटले जाते, आणि तो ते दोष म्हणून सांगत नाही. तरी म्हातारे आईबाप त्यांनाही असतातच. संत बेनेडिक्ट आणि त्याची बहीण स्कोलास्तिका यांची एक हकीकत पोप ग्रेगरी यांनी सहाव्या शतकात लिहून ठेवली आहे. वर्षातून एकदा ही भावंडे भेटत. अखेरच्या भेटीत संध्याकाळ झाली तेव्हा बहिणीने, आज सकाळपर्यंत देवाविषयी बोलत बसू, अशी विनंती केली. मठाबाहेर रात्र काढणे नियमात बसत नाही म्हणून भावाने ती नाकारली. तिने हात जोडून डोके टेकले आणि निरभ्र आकाशातून एवढा पाऊस कोसळला की त्याला उंबरा ओलांडता येईना. हे काय केलेस, असे त्याने विचारले तेव्हा ती म्हणाली, तुला मागितले, तू ऐकले नाहीस. देवाला मागितले, त्याने ऐकले. तिसऱ्या दिवशी ती वारली. मठवासीयांचे नियम लिहिणारा भाऊ असताना देवाने बहिणीचे ऐकले, याचे कारण ग्रेगरीने असे दिले आहे की तिची प्रीती अधिक होती. पाश्चात्त्य ख्रिस्ती संन्यासी जीवनाच्या आद्य प्रवर्तकाविषयी खुद्द पोपने असे लिहावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

गृहस्थाश्रमाला ख्रिस्ती परंपरेने कमी लेखले, ही तक्रार मात्र पूर्णपणे खोटी नाही. मार्टिन ल्यूथरने १५२२ मध्ये लिहिले की बाप बाळाचे दुपटे धुतो तेव्हा लोक त्याला हसतात, पण देव आपल्या सर्व दूतांसह त्याच्याकडे पाहून आनंदाने हसतो. गंमत अशी की त्या वेळी ल्यूथरचे स्वतःचे लग्न झालेले नव्हते. ते १५२५ मध्ये झाले. कॅथलिक मंडळीने पती आणि पत्नी यांना जोडीने संतपद दिले ते फ्रान्समधील लुई आणि झेली मार्तँ यांना, २०१५ साली, आणि ते पहिलेच असे जोडपे. दोन हजार वर्षांच्या हिशेबात ही तारीख जरा उशिराचीच आहे.

आता दुसरी बाजू. घराच्या नावाखाली देवाला टाळणारी माणसे देवाच्या नावाखाली घराला टाळणाऱ्यांपेक्षा आज संख्येने कितीतरी अधिक आहेत, आणि मत्तयाचे वचन खरोखर ऐकायला हवे ते त्यांनी. मुलीचे लग्न ठरवताना स्थळ कोणत्या मिशनचे, मूळचे कोणत्या जातीचे, याची कुजबुज आमच्या घरांत अजून चालते. प्रभुभोजनाच्या मेजावर एका प्याल्यातून घेणारे लोक सोयरिकीच्या वेळी आपापल्या पूर्वजांच्या गावकुसाकडे परततात, आणि ते ‘घराण्यासाठी’ करतात. हुंड्याला ‘मुलीला दिलेली भेट’ म्हणणारे विश्वासणारेही मी पाहिले आहेत. भावाला जमिनीच्या वाटणीत फसवायचे तेही मुलांसाठी, दफनभूमीच्या जागेवरून न्यायालयात जायचे तेही वाडवडिलांसाठी. ख्रिस्ताने घराण्याच्या प्रीतीला खालची जागा दिली ती नेमकी अशा ठिकाणी. घराला देव मानणाऱ्यांकडून घरातल्याच दुबळ्या माणसाचा बळी जातो, बहुधा सुनेचा किंवा न शिकलेल्या भावाचा. म्हणून मी त्या वचनाची धार बोथट करू नका असे वर म्हटले. ते वचन आपल्या स्वार्थावर चालवायचे असते. आम्ही ते बायकोच्या तक्रारीवर चालवतो.

या पार्श्वभूमीवर मंडळ्यांच्या आणि मिशनसंस्थांच्या चालकांना काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विवाहित माणसाला पूर्णवेळ सेवेसाठी घेण्यापूर्वी त्याच्या पत्नीशी स्वतंत्रपणे, तो समोर नसताना, बोलावे, आणि तिची संमती नसेल तर नेमणूक पुढे ढकलावी. ‘प्रभू तिचे मन वळवील’ या भरवशावर हुकूम काढू नये. त्याच्या आईबापांची सोय काय आहे, घर कोण चालवणार आहे, हे अर्जातच लिहून घ्यावे. दूरच्या ठिकाणी पाठवलेल्या सेवकाच्या वृद्ध आईवडिलांची चौकशी ही पाठवणाऱ्या मंडळीची जबाबदारी मानावी. क्रुसावरून आई शिष्याच्या स्वाधीन केली गेली ती याच अर्थाने. पाळकाला आठवड्यातून एक दिवस तरी खरोखर मोकळा मिळावा आणि त्या दिवशी त्याला घरशुद्धीच्या प्रार्थनेला बोलावू नये. उपासना, संडे स्कूल, महिला मंडळ, तरुण संघ, घरोघरी होणारी कॉटेज प्रार्थना आणि उपवास प्रार्थना असा सात दिवसांचा कार्यक्रम लावून शेवटी ‘कुटुंब सप्ताह’ साजरा करण्यात अर्थ नाही; त्या सप्ताहातही संध्याकाळी सहा ते नऊ सभाच असतात. आणि मार्काचा सातवा अध्याय मत्तयाच्या दहाव्या अध्यायाबरोबर त्याच रविवारी वाचला जावा.

यावर धर्मपंडितांचे काही वेगळे म्हणणे असेल तर ते याच सदरात वाचायला आवडेल. विशेषतः पाळकांच्या आणि सेवकांच्या पत्नींनी, हवे तर नाव न देता, लिहावे. मंडळीच्या वार्षिक सभेत त्यांना बोलायला उभे केले जाते ते केवळ आभारप्रदर्शनासाठी.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर